चांगल्या शाळेजवळचं घर

“मुलगी हुशार आहे. तुम्ही पत्ता बदला.”

बदलापुरात कात्रपमधल्या एका खाजगी शाळेच्या कार्यवाहांनी हे माझ्या तोंडावर सांगितलं. माझी मुलगी सुजाता शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पलीकडे माझी बायको रंजना. पहिलीच्या प्रवेशासाठी तिघंही ठेवणीतले कपडे घालून गेलो होतो. सुजाताने कविता म्हणून दाखवली होती, पाढे म्हटले होते, भिंतीवरच्या नकाशात महाराष्ट्र दाखवला होता. कार्यवाह खूश होते. त्यांनी तिला ड्रॉवरमधली गोळी काढून दिली आणि सहज विचारलं, “बाळ, कुठं राहतेस?”

“मोरिवलीला,” ती म्हणाली. “विहाराच्या मागे. माझे आजोबा तिथे वंदना घेतात.”

सहा वर्षांचं पोर. अभिमानाने सांगितलं तिने.

कार्यवाहांचं हसू तसंच राहिलं. फक्त त्यातला माणूस निघून गेला. ते माझ्याकडे वळले.

“कसं आहे, आमच्याकडे आजूबाजूच्या सोसायट्यांतली मुलं असतात. घरचं वळण सारखं असलं की शिकवायला बरं पडतं. त्या बाजूची मुलं आली की इथल्या मुलांची भाषा बिघडते. तुमच्याबद्दल नाही म्हणत मी. मुलगी हुशार आहे. तुम्ही पत्ता बदला, मग बघू.”

मी काय म्हणालो?

मी म्हणालो, “थँक यू सर.”

बाहेर आल्यावर रंजना फाटकापाशी थांबली. “थँक यू कशाचं म्हणालात?”

“अगं, त्यांनी रस्ता दाखवला.”

“त्यांनी दार दाखवलं,” ती म्हणाली.

मला ते पटलं नाही. खरं सांगतो, तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलंच नव्हतं. माझ्या वडिलांना कुणी असं बोललं असतं तर ते खुर्ची मागे सारून उठले असते. मी शिकलो होतो. रंगाच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो, शर्ट खोचून कामावर जात होतो. शिकलेल्या माणसाला लाथ मारली तरी तो तिच्यात सूचना शोधतो. मी शोधली. पत्ता बदलायचा. बस्स.

मोरिवलीत माझा जन्म गेला होता. अंबरनाथच्या कारखान्यांना लागून आमची चाळ. घरामागचा नाला कधी लाल वाहायचा, कधी निळा. कुठल्या कंपनीत आज काय चाललंय ते पोरं नाल्याकडे बघून सांगायची. वडील काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. विहाराच्या पायासाठी त्यांनी आणि त्यांच्या पाळीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी वाळू वाहिली होती. रोज संध्याकाळी पांढरा सदरा घालून ते वंदना घ्यायचे. त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. गल्लीत कुणीही भेटलं तरी पहिला शब्द “जय भीम”. सुजाता बोलायला लागली तेव्हा आई-पप्पाच्या पाठोपाठ तोच शब्द शिकली.

या सगळ्याला कार्यवाह ‘ती बाजू’ म्हणाले. आणि मीही तेव्हापासून मनातल्या मनात ‘ती बाजू’ म्हणायला लागलो.

घर बघायला मी एकटाच जायचो. उल्हासनगरचा एक सिंधी एजंट होता, बदलापुरात त्याचं चांगलं चालायचं. स्कूटरवर मागे बसवून फिरवायचा. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घर कसंही चालेल, शाळा पायी अंतरावर पाहिजे.

“साईं, सब यही बोलता है,” तो म्हणाला. “आजकल घर नहीं बिकता, स्कूल बिकता है. घर तो साथ में फ्री.” आणि स्वतःच हसला. मग आरशातून बघत विचारलं, “फॅमिली कैसी है? मतलब... लोग कौन?”

माझं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी ‘कर’. त्यावरून कुणाला काही कळत नाही. असं आडनाव म्हणजे आमच्यातल्या काही घरांना न मागता मिळालेली चोरवाट. माझ्या वडिलांनी ती कधी वापरली नाही. आडनावानंतर ते थांबायचेच नाहीत, समोरच्याने विचारायच्या आधी सांगून मोकळे व्हायचे. मी मात्र त्या दिवशी स्कूटरवर म्हणालो, “मराठी लोग हैं. शांत फॅमिली.”

“बस साईं, हो गया काम.”

काम झालं. कात्रपमध्ये पहिल्या मजल्यावरचं घर मिळालं. गॅलरीतून शाळेचं मैदान दिसायचं. सकाळची प्रार्थना घरात ऐकू यायची.

सामान लावताना रंजनाने बाबासाहेबांची तसबीर बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर धरली. म्हणाली, “खिळा द्या.”

मी म्हणालो, “आत लावू.”

“आत कुठे?”

“बेडरूममध्ये. आल्यागेल्याच्या नजरेला कशाला?”

तिने माझ्याकडे बघितलं, तसबीर खाली ठेवली आणि दिवसभर त्या भिंतीला हात लावला नाही. संध्याकाळी मीच बेडरूममध्ये खिळा ठोकला. दाराच्या मागच्या अंगाला. दार उघडं असलं की तसबीर झाकली जायची. हे मी ठरवून केलं की आपसूक झालं, याचं उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं खोटं दिलं. ठरवून केलं.

सोसायटीत रीत अशी होती की नव्याने आलेल्या कुटुंबाने सत्यनारायण घालायचा आणि प्रत्येक घरी प्रसाद द्यायचा. आल्यापासून जो तो विचारायचा, “पूजा कधी?” समोरच्या घरातल्या काकी तर रोज. काकी इथल्याच, बदलापूर गावातल्या शेतकरी घरातल्या. बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. बाई मनाने मोकळी, तोंडाने त्याहून मोकळी.

“काय हो, पूजा घालताव का बिल्डिंगला पाप लावताव?”

मी हसून वेळ मारून न्यायचो. पण शाळेतल्या दोन बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या आणि सुजाताचा प्रवेश अजून पक्का झाला नव्हता. एका रात्री जेवताना मी रंजनाला म्हणालो, “एकदाच घालून टाकू.”

ती जेवता जेवता थांबली. “बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तुम्ही मला शिकवल्यात की मी तुम्हाला?”

“पोरीच्या शाळेसाठी चाललंय.”

“मी बसणार नाही. तुम्हाला बसायचं तर बसा. बायको नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात म्हणे. ठेवा सुपारी.”

ती पूजेच्या दिवशी सकाळीच मोरिवलीला निघून गेली. शेजारी मी सांगितलं, तिच्या माहेरी कुणी आजारी आहे. भटजी आले. त्यांनी खरंच माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटावर तांदळाच्या मुठीवर सुपारी ठेवली. गोत्र विचारलं. मी ते आधीच कामावरच्या एका माणसाला विचारून ठेवलं होतं. माहीत नसेल तो काश्यप सांगतो, असं तो म्हणाला होता. मी काश्यप म्हणालो. आवाज जरा मोठाच लागला. सोवळं नेसलेला मी, शेजारी सुपारी, पुढे केळीचे खांब. सुजाता बेडरूमच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाटावर ठेवलेल्या तिच्या आईकडे बघत होती.

प्रवेश पक्का झाला. कार्यवाहांनी नव्या पत्त्याकडे बघून मान डोलावली. माझा चेहरा त्यांना आठवलाही नसावा.

शाळा चांगली होती. हे मला लिहायलाच हवं. सुजाता तिथे छान शिकली. तिचं अक्षर सुधारलं, इंग्रजी सुधारलं, वक्तृत्वात बक्षिसं आली. मी गॅलरीत उभा राहून मैदानावरच्या दोन वेण्यांच्या मुलींत तिला शोधायचो आणि म्हणायचो, जे केलं ते बरोबर केलं. आणि घरात मात्र एकेक गोष्ट बंद होत गेली.

आधी सुकं. आमच्या घरात सुकट-बोंबलाशिवाय आठवडा जात नसे. मला धास्ती, वास जाईल, लोक ओळखतील. बोंबील बंद केले, मग मटण, मग अंडीसुद्धा. आणि समोर काकी दार सताड उघडं टाकून बोंबील तळायच्या! तो वास आमच्या वरणभातावर येऊन बसायचा. ज्यांच्या भीतीने आम्ही सोडलं होतं ती माणसं मजेत खात होती. एकदा काकी वाटीभर कालवण घेऊन आल्या. मी दारातूनच हात जोडले.

“आम्ही घेत नाही, काकी.”

“अगो बाय! बामनं काय तुम्ही?”

मी काही बोललो नाही. तेवढ्यावर अख्ख्या बिल्डिंगने मला ब्राह्मण ठरवलं.

ही चूक आमच्यातलाच माणूस करू जाणे. जातीने मोठा असतो तो बिनधास्त असतो. खातो, पितो, दार उघडं टाकतो, पूजा चुकवतो. त्याला कुणी काही विचारत नाही. भ्यायलेला माणूस मात्र सगळं काटेकोर पाळतो. माझ्या भीतीला लोकांनी सोवळं समजलं. वर्षभरात मला कमिटीत घेतलं. सेक्रेटरी बँकेत अधिकारी होते. ते चारचौघांत म्हणायचे, “यांच्याकडे बघा. वळण असावं तर असं.”

माझे वडील महिन्यातून एकदा नातीला भेटायला यायचे. जिन्यात जो दिसेल त्याला त्यांचा एकच शब्द. एकदा त्यांनी सेक्रेटरींनाच जय भीम घातला. सेक्रेटरी गोंधळले, नमस्कार म्हणाले आणि पुढे गेले. मी वडिलांना घरात घेतलं, दार लावलं आणि पाणी देण्याच्या आधी म्हणालो, “आबा, जिन्यात नका म्हणत जाऊ.”

“काय?”

“जय भीम.”

त्यांनी सुजाताकडे बघितलं. ती अभ्यास करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, “आजोबा, इथे नमस्कार म्हणायचं असतं.”

वडिलांनी पिशवीतून तिच्यासाठी आणलेली बोरं काढून टेबलावर ठेवली. पाणी प्यायले. निघताना जिन्यात समोरून काकी आल्या, तेव्हा वडिलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने आयुष्यभर मालकासमोर, फोरमनसमोर, पोलिसासमोर तोंड मिटलं नाही त्याने माझ्या जिन्यात मिटलं. त्यानंतर ते आले नाहीत. मी बोलावलं की म्हणायचे, गुडघे दुखतात.

सुजाता चौथीत होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचं एक घर विकायला निघालं. मालक पुण्याला गेले होते, किल्ली सोसायटीत होती. सेक्रेटरींच्या घरी मीटिंग बसली. चहा झाला. सेक्रेटरी म्हणाले, “उल्हासनगरचा एक जण आहे. हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. मुलीच्या शाळेसाठी घर बघतोय. मालकाला पसंत आहे. नाव मिलिंद.” थोडं थांबले. मग आडनाव सांगितलं.

सगळे एकमेकांकडे बघून हसले. एक जण कपात बघत म्हणाला, “जय भीमवाले.”

“माणूस चांगला असेल हो,” सेक्रेटरी म्हणाले. “प्रश्न माणसाचा नाहीच. एक आला की मागून दहा येतात. शाळेमुळे आपल्या एरियाला किंमत आहे. उद्या शाळेत तीच पोरं भरली की कोण विचारणार आपल्याला?”

काकी पोह्यांची बशी घेऊन बसल्या होत्या. “आमच्या म्हाताऱ्यानं जमीन दिली तवा कुनाची जात इचारली नव्हती,” त्या म्हणाल्या. “पैशे मोजून घेतले.” कुणी लक्ष दिलं नाही.

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “रविवारी तो घर बघायला येतोय. तुम्ही बोला त्याच्याशी. आमच्यापैकी कुणी बोललं तर उगाच केस-बिस करतील. तुमच्या तोंडून सभ्य वाटेल. तुमची भाषा चांगली आहे.”

माझी भाषा चांगली आहे! नाल्याच्या काठावर शिकलेली भाषा, वडिलांच्या वंदनेतून शिकलेली भाषा. मला तेव्हाच उठायला हवं होतं. मी मान हलवली. होय अशी.

रविवारी तो आला. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बायको बरोबर नव्हती. मुलगी होती, सुजाताएवढी. ती फाटकाच्या गजांतून शाळेचं मैदान बघत होती. वॉचमन स्टुलावर बसला होता. मी त्यांना आत घेतलंच नाही. फाटकातच म्हणालो, “फ्लॅट गेला.”

“गेला? मालक सकाळी फोनवर म्हणाले, किल्ली सोसायटीत आहे.”

“सोसायटीचा निर्णय आहे.”

“कसला निर्णय?”

मग मी बोललो. माझ्या चांगल्या भाषेत. म्हणालो, “इथलं वातावरण जरा वेगळं आहे. मुलांचं वळण, घरची भाषा... तुमच्या मुलीला जड जाईल. तुमच्या भल्यासाठीच सांगतो.”

तो ऐकत होता. माझ्याकडे बघत होता. नीट, डोळे बारीक करून, काचेखाली काहीतरी ठेवून बघावं तसं. मग एक पाऊल पुढे आला आणि वॉचमनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला,

“मोरिवलीच्या विहारात वंदना घेतात ते तुमचे वडील ना? चेहरा तोच आहे. आम्ही लहानपणी यायचो तिकडे.”

मी वॉचमनकडे बघितलं.

“घाबरू नका,” तो म्हणाला. “मी इथे कुणाला सांगणार नाही.”

त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गेली. मुलगी जाताना एकदा वळून मैदानाकडे बघत होती.

ज्याला मी दारातून हाकललं तो माझी अब्रू झाकून गेला. आवाज खाली करून. कार्यवाहांनी केला तो अपमान मला समजलाच नव्हता. हा समजला. कारण हा अपमान नव्हताच, ही माणुसकी होती. आणि मी तिला पात्र नव्हतो.

वर आलो. सुजाता गॅलरीत उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. कोण येणार ते बिल्डिंगमधल्या पोरांनाही ठाऊक होतं.

“गेले ते?”

“गेले.”

“बरं झालं पप्पा,” ती म्हणाली. “ती मुलगी आमच्या वर्गात आली असती तर तिला कळलं असतं.”

“काय कळलं असतं?”

“आपण कोण ते. मग ती मला सगळ्यांसमोर जय भीम म्हणाली असती.”

तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. संकट टळल्यावर मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो तसा. नऊ वर्षांच्या पोरीला मी हे शिकवलं होतं. धडा म्हणून नाही. बंद दारातून, न शिजलेल्या बोंबलांतून, पाटावरच्या सुपारीतून.

रंजना स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “बघा. शिकली.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. बेडरूममध्ये जाऊन दार लावलं तेव्हा दारामागून तसबीर समोर आली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. बाबासाहेबांना शाळेत वर्गाबाहेर बसवलं, हे मी प्रत्येक जयंतीला ऐकत मोठा झालो. आणि मी काय केलं? मुलीला वर्गात बसवलं आणि तिच्यातली तीच तेवढी बाहेर ठेवली. चपलेसारखी.

पुढच्या मीटिंगला सेक्रेटरींनी सुरुवातच माझ्या कौतुकाने केली. “छान हाताळलंत. काही बोभाटा नाही.”

मी उभा राहिलो.

“मी बौद्ध आहे,” मी म्हणालो. “मोरिवलीचा. तुम्ही ज्यांना घालवायला मला पाठवलंत त्यांच्यातलाच. मी त्याला घालवलं ते चुकलं. ते घर त्याला मिळालं पाहिजे.”

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझी समजूत काढावी तसे हसून म्हणाले, “अहो, पण तुम्ही तसे वाटत नाही.”

“कसे वाटतात ते?”

“तसं नाही हो. तुम्ही वेगळे आहात. तुम्ही आमच्यातलेच.”

“मी तुमच्यातला नाही. पूजेला बायकोच्या जागी सुपारी होती कारण ती बसायला तयार नव्हती. माझं गोत्र खोटं होतं.”

काकी एकदम बोलल्या, “मंग माझं बोंबील का नाय घेतलं?”

कुणीतरी हसलं. मी हसलो नाही. म्हणालो, “भीत होतो, काकी.”

“बोंबलाला?” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं. त्या खाली बघायला लागल्या.

सेक्रेटरींचा सूर बदलला. “बघा बुवा. मुलीच्या शाळेचा तरी विचार करा. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही.”

“मुलीचाच विचार करतोय,” मी म्हणालो आणि निघालो.

उल्हासनगरला जाऊन मिलिंदचं घर शोधलं. फाळणीनंतरच्या जुन्या निर्वासित कॅम्पातल्या फर्निचरच्या दुकानांमागे, वर पत्रा, पॉलिशचा वास. त्याने मला बसायला दिलं, चहा दिला. मी सगळं सांगितलं. मीटिंग, मी काय बोललो ते. म्हणालो, “तुम्ही या. मी तुमच्या बाजूने उभा राहतो. लागेल तिथे येतो.”

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “त्यांचं मला काही वाटत नाही. ते तसेच आहेत, ते मला माहीत आहे, मी त्यांच्याशी लढलो असतो. तुमचं काय करायचं? माझी मुलगी रात्री विचारत होती, जड जाईल म्हणजे काय? मी काय सांगू? की ते बोलणारा आपलाच होता?”

“माफ करा.”

“माफीचा विषय नाही. मला तुमच्या शेजारी राहायचं नाही.”

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. जय भीम म्हणाला. मी म्हणालो. त्याचा पूर्ण होता, माझा अर्धाच निघाला. ते घर पुढे दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. आपली माणसं, सेक्रेटरी म्हणाले असतील.

तसबीर बाहेर आली. दारासमोर. बोंबील परत तळायला लागलो. पण सुजाताच्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. शाळेत तिला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त मधल्या सुट्टीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. बाईंनी वक्तृत्वाला दुसरी मुलगी घेतली. एका संध्याकाळी ती दप्तर फेकून माझ्यावर ओरडली, “तुम्हीच सांगितलंत लपवायला, आणि तुम्हीच सांगून आलात! मला विचारलं होतंत?”

नव्हतं विचारलं. दोन्ही वेळेस नव्हतं विचारलं. मी तिला जवळ घ्यायला गेलो, ती आईकडे गेली. अजूनही एखादी गोष्ट मनातली सांगायची असली की ती आईलाच सांगते.

मी वडिलांकडे गेलो. मला वाटलं होतं, त्यांना तरी बरं वाटेल. विहाराच्या पायरीवर बसले होते. मी सोसायटीत काय बोललो, कसा उभा राहिलो, कुणाचे चेहरे कसे झाले, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं,

“त्या माणसाला घर मिळालं का?”

“नाही.”

“मग तू केलंस काय?”

उठून आत गेले. वंदनेची वेळ झाली होती.

मला राग आला होता. घरी येईपर्यंत तो राग कुणावर आहे ते कळलं. वडील बरोबर होते. मीटिंगमध्ये उभं राहून मी माझं ओझं उतरवलं, एवढंच. मला हलकं वाटलं. त्याची मुलगी जिथे होती तिथेच राहिली. कबुलीने कुणाला घर मिळत नाही. अश्रूंनी कुणाचं नाव शाळेच्या पटावर चढत नाही. मी हे लिहितोय त्यानेही नाही.

सेक्रेटरी अधूनमधून सुचवतात, घर विकायचं असेल तर चांगलं गिऱ्हाईक आहे. शाळेतून निरोप येतो, मुलीला इतरत्र जास्त मोकळं वाटेल का बघा. नातेवाईक म्हणतात, कशाला तिथे कुढत राहता, चला परत. मी त्या सगळ्यांना एकच सांगतो. हे घर विकणार नाही. सुजाता याच शाळेतून दहावी होणार. रिकाम्या बाकाशेजारी बसून होणार. ती मला माफ करो न करो.

तळमजल्यावरचं घर आता विकायला निघालंय. मी मोरिवलीत, उल्हासनगरच्या कॅम्पांत, स्टोअरमधल्या आमच्या माणसांत, सगळीकडे सांगितलंय. आधीच बजावतो, इथे गोड काही नाही, लोक हसून नाही म्हणतात. तरी एक जोडपं तयार झालंय. त्यांनाही मुलगी आहे. या रविवारी ते घर बघायला येणार आहेत. फाटकात मी असेन. त्यांना मी आत घेणार, जिन्याने वर नेणार, सेक्रेटरींच्या दारावरची बेल वाजवणार. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्या देखत म्हणावं. आणि एकदा म्हणाले की मी तिथून हलणार नाही. पोलीस, कोर्ट, रजिस्ट्रार, जिथे जावं लागेल तिथे त्या जोडप्याच्या पुढे मी चालेन. ते घर त्यांना मिळेपर्यंत मी काहीच केलेलं नाही.